गुरुवारचे तेवीस किलोमीटर

“मामा, गाडीची वही कुठाय?” भाचीनं दारातूनच विचारलं आणि माझ्या चिमट्यातला सुळा सुटून फरशीवर पडला. एका निवृत्त मास्तरांच्या वरच्या कवळीतला, जरा पिवळट, मुद्दाम तसा निवडलेला. मी टेबलाखाली वाकलो. आमच्या धंद्यात पडलेला दात लगेच उचलावा लागतो, नाहीतर पायाखाली जातो आणि मग त्याच्या जोडीचा मिळता मिळत नाही. पण भाची कुणासाठी थांबणाऱ्यातली नाही. माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी कर सल्लागार आहे, आणि लहानपणापासून तिचा एक पाय कायम उंबऱ्याबाहेर असतो. मी टेबलाखाली असतानाच तिनं सांगायला सुरुवात केली. काल सवलतींचे नियम बदलले. महिनाअखेरपर्यंत यंत्र घेऊन चालू केलं, तर त्याची सगळी किंमत पहिल्याच वर्षी नफ्यातून वजा करता येणार. त्यानंतर पुन्हा जुनंच, थोडं थोडं करत आठ वर्षं. जागेचंही यंदा पहिल्यांदाच काहीतरी मिळणार, पण निव्वळ धंद्याला वापरता तेवढ्याच जागेचं. आणि गाडी झिजते म्हणून दरवर्षी तिची किंमत जी थोडी थोडी उतरवतात, ज्याला हे लोक घसारा म्हणतात, तो जुन्या गाड्यांचा जेवढा राहिला असेल तेवढा यंदा एकदम उडवून टाकता येणार. फक्त गाडी कामासाठी किती पळाली आणि घरासाठी किती, हे तीन वर्षांच्या वहीवरून दाखवायचं. प्रत्येक फेरीपुढे ‘कामाची’ किंवा ‘खासगी’ लिहायचं आणि शेवटी सही करायची की हे सगळं खरं आहे. “दुसऱ्यांकडे नुसत्या चिठ्ठ्याचपाट्या असतात हो,” ती म्हणाली. “मामीची वही म्हणजे सोनं, आणि मागची दोन वर्षं तर गाडी जवळजवळ उभीच आहे. एका दुपारचं काम आहे तुमचं.” सुळा मला खुर्चीच्या पायाशी सापडला. मी तो फुंकर मारून पुसला आणि हातातच धरून बसलो.

वही कुठे आहे हे मला माहीत होतं. मेणाच्या पट्ट्यांच्या खणात, डाव्या बाजूला, निळ्या पुठ्ठ्याची. हिची मामी गेल्यापासून दोन वर्षं मी तो खण उजव्या बाजूनंच उघडत आलो आहे. बायको गेल्यावर माणूस रडतो, दाढी वाढवतो, कुणी तीर्थाला जातो. मी एक वाक्य धरून ठेवलं. ‘तिला काही कळलंच नाही.’ भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी ते सांगितलं. सकाळी स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवता ठेवता ती खाली बसली, जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी दोन दिवसांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आत सगळीकडे पसरलं होतं. पण तोवर ती शुद्धीवर नव्हती. म्हणजे तिला काही कळलं नाही. भीती नाही, वाट बघणं नाही, आज बरं वाटतंय की उद्या, असला हिशोब नाही. लोक मान हलवत आणि म्हणत, पुण्यवान हो, असं मरण मिळायला भाग्य लागतं. मीही मान हलवत असे. रात्री झोप लागली ती त्या वाक्यावर, सकाळी उठून प्लास्टर कालवलं ते त्या वाक्यावर. ते डॉक्टर आणखीही काहीतरी म्हणाले होते, ‘हे बरंच जुनं दिसतंय’ असं काहीतरी, पण ते माझ्याशी बोलत होते की शेजारच्या नर्सशी, हे मी ठरवलं नाही. ठरवायची गरज वाटली नाही.

भाची टेप घेऊन खोल्या मोजत होती. खाली माझी कार्यशाळा, मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. “स्वयंपाकघरातल्या या फळीवर तुमची मापं ठेवलीत ना? मग एवढी फळी धंद्याची,” ती म्हणाली. मी म्हटलं, “अगं, त्या फळीच्या खाली तुझी मामी पीठ ठेवायची.” “आता ठेवत नाहीत ना?” ती बोलून गेली आणि टेप सर्रकन आत ओढून घेतली. वाईट पोरगी नाही. कामाच्या भरात जीभ पुढे धावते एवढंच. मग बराच वेळ तिनं गुरुवारविषयी सांगितलं. दात कोरून काढणारं नवं यंत्र गुरुवारी सकाळी बसवायचं ठरलं आहे. कंपनीची माणसं एरवी दहा दिवस आधी-नंतर येतात, पण या तारखेपायी सगळ्या शहराला एकदमच घाई झाली आहे, दुसरा दिवस मिळणार नाही. शुक्रवारी महिना संपतो. “यंत्र नुसतं आणून चालत नाही, मामा. चालू झालेलं पाहिजे. एक तरी दात त्यातून निघाला पाहिजे, तुमच्या देखत, तुमच्या सहीनं. मी फोटो काढून जोडते.” यंत्र मला हवंच आहे. माझे हात थरथरतात. फार नाही, पण दातावर जी रेघ केसाएवढी हवी ती दोन केसांएवढी होते. या यंत्राशिवाय मी आणखी फार तर वर्षभर काम करीन, मग दुकानाला कुलूप, आणि कुलूप लावून मी वरच्या खोलीत नेमकं काय करायचं हे मला कुणी सांगितलेलं नाही. सवलत मिळाली तर यंत्र परवडतं. नाही मिळाली तर नाही. इतकं ते सरळ आहे.

अशीच एक तारीख तेव्हाही होती. धातू ओतायची भट्टी घेतली ते, बायकोचं शेवटचं वर्ष. तेव्हासुद्धा सवलत बदलणार होती, तेव्हासुद्धा ‘अमुक दिवसाच्या आत चालू झाली पाहिजे’ असं होतं आणि मी तीन आठवडे घोड्यावर बसलेला. भिंत फोडून धुराडं काढलं, विजेची वेगळी वायर ओढली, जोडणारा माणूस दोनदा येऊन परत गेला. त्या धांदलीत एकदा ती स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी राहिली होती. “गुरुवारी माझ्याबरोबर याल का हो? थोडं काम आहे.” मी धुराड्याचा नळ धरून शिडीवर होतो. म्हटलं, “भट्टी बसू दे. मग म्हणशील तिथे येतो.” “बरं,” ती म्हणाली. शिडीवरून मला तिचा भांग तेवढा दिसत होता. हे सगळं मला आधीपासून आठवत होतं असं नाही. भाची गेली, मी खण डाव्या बाजूनं उघडला आणि वही हातात आल्यावर आठवलं.

वहीची सवय तिला मीच लावली होती. गाडी घेतली तेव्हाही सवलतीसाठी असलीच काहीतरी अट होती. मी कवळ्या करायच्या आणि तिनं त्या शहरभर डॉक्टरांकडे पोहोचवायच्या, येताना नवी मापं घेऊन यायची, असा आमचा संसार होता. मी रकाने आखून दिले: तारीख, कुठे, कशासाठी, निघताना मीटर, आल्यावर मीटर. पहिल्याच महिन्यात मला सहा किलोमीटर जास्त दिसले. मी सरळ विचारलं, “हे सहा कुठं गेले?” तिला आधी कळलंच नाही. मग ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावला. “बहिणीकडे गेले होते. तुम्ही म्हणजे अगदी मोजून दात देणारे.” आणि तिथल्या तिथे लिहिलं: बहिणीकडे, खासगी, सहा. त्यानंतर कधी एक ओळ चुकली नाही. दर महिन्याला पानाच्या तळाशी मी बेरीज बघायचो आणि सही करायचो. आता उन्हाच्या पट्ट्यात वही उघडून बसलो तर तिचं अक्षर ओळीनं पुढे येत गेलं, गोल, किंचित मागे रेललेलं, आणि मी लाल पेन्सिलीनं पुढे लिहीत गेलो, कामाची, कामाची, कामाची. मनात म्हटलं, काय बाई होती, नाहीतर लोकांच्या वह्या बघाव्यात. असा मी अर्धं वर्ष ओलांडून गेलो आणि मग एका गुरुवारी थांबलो. ‘नदीपलीकडचे डॉक्टर, कवळी पोहोचवली, २३.’

नदीपलीकडचे डॉक्टर सात किलोमीटरवर आहेत. जाऊन येऊन चौदा. हे मला विचारावं लागत नाही. पंधरा वर्षं त्यांचं काम माझ्याकडे आहे. वर चौदा, आधी चौदा, आदल्या वर्षी चौदा, आणि इथे तेवीस. म्हटलं, पूल बंद असेल, वळसा पडला असेल. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेवीस. त्याच्या पुढच्या गुरुवारी तेवीस. मधल्या एका सोमवारी तेच डॉक्टर, तेच नाव, आणि चौदा. मी पेन्सिल खाली ठेवली. एकामागून एक एकोणीस गुरुवार होते. जी बाई सहा किलोमीटरांचा जाब दिल्यावर पुन्हा कधी चुकली नाही, तिनं एकोणीस वेळा जागेचं नाव खोटं लिहिलं होतं आणि आकडा खरा. मीटर खोटं बोलत नाही म्हणून तिला तो खोटा लिहिता येत नव्हता, की आला असता तरी तिच्यानं लिहवला नसता, हे मी सांगू शकत नाही. आणि प्रत्येक पानाखाली माझी सही होती, ठसठशीत. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार करायची कुणाकडे?

माणसाचं मन किती हलकं असतं हे त्या दुपारी कळलं. मला पहिल्यांदा आठवले ते डॉक्टर. विधुर, साठी उलटलेले, गातात, बत्तीसच्या बत्तीस दात स्वतःचे. या वयात? मला हसू आलं. हसताना समोरच्या काचेत माझंच तोंड दिसलं आणि लाज वाटली, इतकी की उठून मी हात धुतले. मग आठवायला लागलं ते थांबेना. त्या उन्हाळ्यात ती केस कापून आली होती, पार मानेपर्यंत. मी म्हटलं होतं, “बरी दिसतेस. सोपं पडेल उकाड्यात.” ती म्हणाली, “हो ना.” त्या वर्षी ती डोक्याला रुमाल बांधून फिरायची, कारण कार्यशाळेत धूळ उडते असं ती म्हणायची, आणि धूळ तर खरंच उडत होती. गुरुवारी संध्याकाळी ती जेवायची नाही, उपास म्हणायची. आमच्याकडे उपास कुणी करत नाही. मी विचारलं नाही. मला वाटलं, बायकांचं असतं काहीतरी. मी त्या वर्षी खूष होतो. भट्टी छान चालत होती. धातूच्या पहिल्या कवळ्या चकचकीत निघाल्या होत्या आणि मी एकेक तिच्या डोळ्यांसमोर धरून म्हणायचो, बघ, बघ. ती बघायची. त्या वेळी तिचा चेहरा कसा होता हे आठवायचा मी आता प्रयत्न करतो आणि मला कवळीच आठवते.

मंगळवारी सकाळी मी गाडी बाहेर काढली. हल्ली माल कुरिअरवाला नेतो, गाडी महिन्यातून एखादेवेळी हलते. तिच्या एका बाजूला दोन ओळी दातांचं हसू रंगवलं आहे, पोरं बघून खिदळतात. ते चित्र तिला मुळीच आवडायचं नाही, म्हणायची, मी कवट्या वाहतेय असं वाटतं. सीट अजून तिच्या मापाची आहे. दरवेळी मागे सरकवायची ठरवतो आणि गुडघे दुमडून तसाच चालवतो. मी मीटर शून्यावर आणलं आणि नदीकडे निघालो. साडेअकरा किलोमीटर म्हणजे तेवीसचं अर्धं, एवढंच मला माहीत होतं. बाकी रस्ता कुठला, वळण कुठलं, काही नाही. पूल ओलांडला. सातला डॉक्टरांचा दवाखाना आला, पाटी, खालचा औषधवाला, सगळं जागच्या जागी. मी तिथे वळलो नाही. रस्ता सरळ पुढे जात होता म्हणून सरळ गेलो. आठ. नऊ. दोन्ही बाजूंना गोदामं, मग टायरची दुकानं, मग मोकळं माळरान. मी मनात म्हणत होतो, काही नसू दे. एखादी मैत्रीण असू दे. गायक डॉक्टर असले तरी चालतील. खरंच तसं वाटलं. अकरा झाले तेव्हा समोर उंच पिवळी इमारत दिसायला लागली आणि तिच्यावरची पाटी वाचायच्या आधीच मला ती कशाची आहे ते कळलं. शहरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लोक तिचं नाव घेत नाहीत, ‘पलीकडचं मोठं इस्पितळ’ म्हणतात आणि आवाज खाली आणतात. मीटरवर अकरा पूर्णांक पाच आलं ते बरोबर फाटकात.

फाटकावरचा रखवालदार गाडीकडे बघून खुर्चीतून उठला, माझ्याकडे नाही. “भिंतीकडे घ्या, तिथे सावली असते,” तो म्हणाला. “बाई नाही आल्या? बरेच दिवस, वर्षंच झाली म्हणा.” आणि हसला. मी माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर बघतो, आधी दातांकडे. त्याचे वरचे पुढचे चार दात लावलेले होते. डावीकडचा बाजूचा दात किंचित आत वळलेला. तो वळवलेला आहे, वळलेला नाही, हे जगात एकाच माणसाला कळलं असतं. अगदी सरळ दात खोटे दिसतात म्हणून मी तो एक दात नेहमी एवढासा वळवतो, तीस वर्षं, ती माझी सही आहे असं समजा. मधल्या एका दातावर फिकट तपकिरी छटा होती. तीही मीच दिली होती. ‘सिगारेट ओढतात हो ते, अगदी पांढरेशुभ्र नकोत,’ असं ती म्हणाली होती. मी तिला विचारलं होतं, कुठल्या डॉक्टरांचं काम हे, चिठ्ठी कुठाय? “ओळखीतले आहेत. पैसे मागू नका. करा हो.” मी कुरकुर करत केलं होतं. माप कुणी घेतलं, तेही विचारलं नव्हतं. त्याचा प्लास्टरचा साचा अजून स्वयंपाकघरातल्या त्या फळीवर आहे, बाकी सगळ्यांवर नावं आहेत आणि त्याच्यावर नाही.

“बाईंनी इथेच बसवून माझं माप घेतलं,” तो सांगत होता. “या खुर्चीवर. तोंडात ते पीठ भरलं आणि म्हणाल्या, आता पाच मिनिटं बोलू नका, तुमच्या बायकोवर उपकार करा.” तो पुन्हा हसला. मला कुणी काही विचारायची गरज नव्हती, त्याला बोलायचंच होतं. त्या दर गुरुवारी यायच्या, एकट्याच. सलाईन संपलं की चालवायच्या आधी मागच्या सीटवर अर्धा-पाऊण तास पडायच्या, खोक्यांच्या मध्ये, आणि त्याला सांगून ठेवायच्या, दोन वाजता काच वाजवा. फाईल घरी न्यायच्या नाहीत. त्याच्या केबिनच्या खणात ठेवायच्या आणि पुढच्या गुरुवारी तिथूनच घ्यायच्या. “मी एकदा म्हटलं, घरी सांगितलं नाही का? तर म्हणाल्या, आमचे मालक घाईत आहेत. तारखेच्या आत भट्टी बसवायचीय. बसली की सांगते.” मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो होतो. “मग?” “मग मी विचारलं ना पुढे, बसली का भट्टी? म्हणाल्या, बसली की. नवं खेळणं मिळालंय त्यांना. थोडे दिवस खेळू दे.” त्यानं खिडकीवर हात ठेवला. “कशा आहेत आता?”

मी सांगितलं. त्यानं टोपी काढली आणि दुसरा हात तोंडावर धरला. तोंड वेडंवाकडं होत होतं म्हणून की माझ्या दातांसकट माझ्यासमोर उभं राहायला त्याला कसंतरी वाटलं म्हणून, कोण जाणे.  आत गाड्या येत होत्या, कुणीतरी हॉर्न वाजवला, त्यानं हातानं पुढे जा म्हणून खूण केली. तिला कळलं होतं. सगळं कळलं होतं, तारखेवार, मीटरवार. एकोणीस गुरुवार तिला कळत होतं आणि उरलेल्या दिवशी ती माझ्या कवळ्या कौतुकानं बघत होती. मी दोन वर्षं लोकांना जे सांगत होतो ते माझ्याबद्दल होतं. मला काही कळलं नव्हतं. मला रडायला आलं नाही. मी त्याला विचारलं, “टोचते का कुठे?” सवयीनं गेलं तोंडातून. तीस वर्षं प्रत्येक तोंडाला हेच विचारलं आहे. त्यानं डोळे पुसले आणि जिभेनं चाचपलं. “डावीकडे जराशी. बाईंना सांगणार होतो.” मी म्हटलं, “घासून देतो. कानस घेऊन येईन.” फाईल त्यानं आत जमा केली होती. जुन्या फायली फक्त गुरुवारी काढून देतात, दहा ते बारा. नवऱ्याला देतील, तो म्हणाला, ओळखपत्र आणा.

घरी येऊन मी वही पुढे ओढली. भट्टी कोपऱ्यात होती. कागदोपत्री तिची किंमत त्याच वर्षी सगळी उडवली, भाचीच्या पुस्तकात ती आता शून्य आहे आणि अजून उत्तम तापते. मी तिच्याकडे पाठ करून बसलो. एकोणीस ओळींवर ‘कामाची’ असं लिहून ठेवता आलं असतं. डॉक्टरांचं नाव होतं, कवळीचं कारण होतं, माझी सही होती, कुणीही बोट ठेवलं नसतं. आणि ‘तिला काही कळलं नाही’ हे वाक्यही जागच्या जागी राहिलं असतं, निदान लोकांपुरतं. मी पेन्सिलीला टोक केलं. पहिल्या गुरुवारपुढे ‘खासगी’ लिहिलं. हात थरथरत होता, पण अक्षराला केसाएवढी रेघ लागत नाही. शेवटच्या गुरुवारी ती जायला नऊ दिवस राहिले होते. त्या ओळीत तिचं अक्षर खाली उतरत गेलं आहे, रकाना सोडून, पण आकडा स्वच्छ आहे.

बुधवारी दुपारी भाची आली, उभ्याउभ्याच पानं उलटायला लागली आणि थबकली. “हे काय मामा? नदीपलीकडचे डॉक्टर आपलंच गिऱ्हाईक ना? खासगी कसं?” मी म्हटलं, “ते तसंच राहू दे.” “चारशे सदतीस किलोमीटर उगाच हातचे घालवताय.” “राहू दे म्हटलं ना.” तिनं खांदे उडवले. दात कोरून पोट भरत नाही हे मी तिला लहानपणी शिकवलेलं, म्हणून एवढ्याशासाठी माझ्याशी वाद घालायचा नाही असं तिनं ठरवलं असावं. तिनं मला सहीची जागा दाखवली, मी सही केली. मग ती खुर्चीत बसली, मांडीवर कागदांचा गठ्ठा घेऊन आकडे टाकायला लागली. “उद्या नऊला माणसं येतील. तुम्ही फक्त खाली थांबा, बाकी मी बघते. अकरापर्यंत पहिला दात निघाला पाहिजे.”

“उद्या मी नाही,” मी म्हटलं. “त्यांना येऊ नका म्हणून कळव.”

“मामा, शुक्रवारी महिना संपतो! सवलत गेली तर यंत्र गेलं. मग हातानं किती दिवस करणार तुम्ही?”

“कळतंय मला. गेलं तर गेलं. गुरुवारी मला थोडं काम आहे.”

तिनं मानसुद्धा वर केली नाही. पानाला आकडा टाकला, ते उलटलं आणि पुढच्या पानावर बोट ठेवत म्हणाली, “कसलं काम?”

इतकं सोपं होतं ते. खालूनही विचारता येतं, शिडीवरूनही विचारता येतं, हातात नळ असताना, नळ न सोडता. त्याला भट्टी बसायला लागत नाही. मी भाचीकडे बघत राहिलो. तिनं अखेर मान वर केली, माझ्या चेहऱ्यात काय दिसलं कोण जाणे, मांडीवरचे कागद हळूच खाली ठेवले. मी तिच्यासमोरचं स्टूल ओढलं, चष्मा काढला आणि पहिल्या गुरुवारपासून सांगायला लागलो.